सरासरीत हरवलेली पॅकेटं

बीड जिल्ह्यात इंटरनेटची तक्रार दोन वाक्यांत संपते: रेंज नाही, किंवा सर्व्हर डाऊन आहे. तिला मिळणारं उत्तरही तेवढंच आखूड असतं: टॉवर मंजूर झालाय, किंवा ५जी येतंय. तक्रार करणारा आणि उत्तर देणारा, दोघांनीही एक गोष्ट गृहीत धरलेली असते. इंटरनेट म्हणजे पोहोच आणि वेग. पोहोच झाली, वेग वाढला, की प्रश्न मिटला. ही समजूत उथळ आहे. तिची किंमत आष्टी, पाटोदा, शिरूर कासारच्या डोंगरपट्ट्यातली माणसं रेशन दुकानापुढच्या रांगेत आणि ई-सेवा केंद्राच्या बाकावर रोज चुकती करतात.

माझं म्हणणं असं आहे. गेल्या चाळीस वर्षांत जगभरच्या इंटरनेटमधली पॅकेटची गळती एकंदरीत कमी झाली, यात वाद नाही. पण ती गळती ज्या कोंडीतून होते, ती कोंडी संपलेली नाही. तिने जागा बदलली, ती महाजालाच्या मध्यावरून काठावर आली. तिने रूप बदललं, गळतीऐवजी ती पुष्कळदा विलंब होऊन भेटते. आणि दिवसभर पसरण्याऐवजी ती ठरावीक तासांत एकवटली. आपण मात्र अजूनही वेगाचा आकडा आणि राज्याची महिन्याभराची सरासरी हीच मापं धरून बसलो आहोत. त्यामुळे बीडची कोंडी कागदावर उमटत नाही, आणि जे कागदावर उमटत नाही त्याला आपल्या कारभारात दाद मिळत नाही.

१. गळती हा बिघाड की निरोप?

आधी मूळ रचना पाहू. जुन्या टेलिफोनमध्ये दोन माणसं बोलत असेपर्यंत त्यांच्यासाठी एक वाट राखून ठेवलेली असे. १९६०च्या दशकात अमेरिकेत पॉल बॅरन आणि इंग्लंडमध्ये डोनाल्ड डेव्हिस यांनी स्वतंत्रपणे वेगळा विचार मांडला: मजकुराचे छोटे तुकडे करा, प्रत्येकावर पत्ता लिहा आणि सगळ्यांचे तुकडे एकाच वाटेने सोडा. हेच पॅकेट. वाटेवरचा राऊटर आलेलं पॅकेट रांगेत ठेवतो आणि पुढे ढकलतो. रांग भरली की पुढचं पॅकेट टाकून देतो. कुणासाठी काही राखून ठेवायचं नाही आणि पोहोचवण्याची हमीही द्यायची नाही, या तत्त्वामुळेच इंटरनेट इतकं स्वस्त आणि इतकं व्यापक होऊ शकलं.

गळती ही अशी या रचनेच्या पोटातच आहे. एवढंच नव्हे, तर पाठवणाऱ्याला वाटेची अवस्था कळते तीही बहुतांशी गळतीतूनच. टीसीपी नावाची जी शिस्त जगातली बहुतेक यंत्रं पाळतात, ती सोप्या भाषेत अशी: हळूहळू वेग वाढवत जा, पॅकेट हरवलं की वाट भरली असं समज आणि वेग झटकन कमी कर. म्हणून 'शून्य गळती हवी' ही मागणी निरर्थक आहे. गळती किती, कोणत्या वेळी आणि कुणाच्या वाट्याला, हे विचारायला हवं.

ही शिस्त सुरुवातीपासून नव्हती. जॉन नेगल यांनी १९८४ मध्ये लेखी इशारा दिला होता की गर्दी वाढली तर जाळं नुसतं मंदावणार नाही, कोसळेल. ऑक्टोबर १९८६ मध्ये तसंच घडलं. कॅलिफोर्नियातली लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि तिथलं विद्यापीठ यांच्यात अंतर जेमतेम चारशे यार्डांचं. त्या दुव्यावरून सेकंदाला ३२ हजार बिट जायचे, ते ४० बिटांवर आले. तार तुटली नव्हती. उत्तर येईना म्हणून प्रत्येक यंत्र तेच पॅकेट पुन्हा पुन्हा पाठवत होतं आणि वाट त्या नकलांनीच भरून गेली होती. व्हॅन जेकबसन आणि मायकेल कॅरल्स यांनी १९८८ मध्ये प्रसिद्ध केलेला उपाय पाठवणाऱ्या यंत्राच्या सॉफ्टवेअरमधला होता. कोंडीचं औषध नेहमीच जास्त क्षमता हे नसतं, हा त्या प्रसंगाचा धडा. टॉवरच्या घोषणा ऐकताना तो मला सारखा आठवतो.

या शिस्तीत एक विषमता मात्र राहून गेली. पॅकेट जाऊन पोच परत यायला जितका वेळ लागतो, तितक्या सावकाश पाठवणारा पुन्हा वेग धरतो. १९९७ मध्ये मॅथिस आणि सहकाऱ्यांनी याचं सूत्र मांडलं: मिळणारा वेग हा फेरीच्या वेळेच्या व्यस्त प्रमाणात आणि गळतीच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात असतो. पारंपरिक टीसीपीसाठी हिशेब करून पाहा. गळती एक टक्का आणि फेरी ४० मिलिसेकंदांची असेल तर एका जोडणीला साधारण साडेतीन एमबीपीएस मिळतात. गळती तेवढीच, पण फेरी १२० मिलिसेकंदांची, तर सव्वा एमबीपीएसच्याही आत. आजच्या क्युबिक या पद्धतीत हे प्रमाण बदलतं, दिशा बरीचशी तीच राहते. एकाच वाटेवर दोघं असले तर जवळच्याला जास्त आणि लांबच्याला कमी. कालव्याच्या तोंडाशी असलेल्या शेताची भिजवण होऊन जाते आणि टेलच्या शेतकऱ्याची पाळी येईपर्यंत पाणी आटतं, तशी ही वाटणी आहे. फरक इतकाच की टेलच्या शेतकऱ्याला आपण टेलला आहोत हे माहीत असतं.

२. चाळीस वर्षांचा आलेख नीट वाचला तर

भारतात व्हीएसएनएलने सामान्यांसाठी इंटरनेट खुलं केलं ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी. त्याच सुमारास व्हर्न पॅक्सन अमेरिका-युरोपातल्या संस्थांमधली पॅकेट मोजत होते. १९९४च्या अखेरीच्या मोजणीत गळती २.७ टक्के होती, १९९५च्या अखेरीस ती ५.२ टक्के झाली. इंटरनेट लोकप्रिय होत होतं आणि वाट अपुरी पडत होती. १९९५ मध्येच स्टॅनफर्डच्या स्लॅक प्रयोगशाळेतून 'पिंगर' हा प्रकल्प सुरू झाला. देशोदेशीच्या यंत्रांना ठरावीक वेळाने हाक मारायची आणि किती हाकांना ओ येत नाही ते नोंदवायचं, एवढंच त्याचं काम. ते दोन दशकांहून जास्त चाललं आणि त्यातून दोन गोष्टी दिसल्या. गळती जवळजवळ सगळीकडे वर्षागणिक उतरत गेली. आणि भारतासह दक्षिण आशिया युरोपच्या कित्येक वर्षं मागून त्याच वाटेने चालत राहिला.

इथेच थांबलं तर चित्र सुखद आहे. बहुतेक जण इथेच थांबतात.

पुढचा भाग असा. राऊटरमधली स्मृती स्वस्त झाली, तशा उत्पादकांनी रांगा लांब केल्या; पॅकेट टाकून देण्यापेक्षा ठेवून घेतलेलं बरं, हा विचार. परिणाम उलटा झाला. पाठवणाऱ्याला थांबण्याचा निरोप गळतीतून मिळायचा, तोच उशिरा मिळू लागला. २०१०च्या सुमारास जिम गेटिस यांना स्वतःच्या घरच्या जोडणीत हा प्रकार आढळला आणि त्यांनी त्याला 'बफरब्लोट' असं नाव दिलं. गळतीचा आलेख खाली जात होता आणि रांगेतली वाट पाहणी सेकंदांवर गेली होती. मोबाइलमध्ये हे आणखी लपतं. टॉवर आणि फोन यांच्यातल्या हवेत पॅकेट बिघडलं तर रेडिओची यंत्रणा ते स्वतःच पुन्हा पाठवते. वरच्या थराला गळती दिसत नाही, उशीर दिसतो, तोही कधी कमी कधी जास्त. म्हणजे 'गळती घटली' हे विधान खरं असूनही दुकानातल्या माणसाचा अनुभव सुधारलेला नाही, असं सहज होऊ शकतं.

यावर उपायही निघाले आहेत. पॅकेट टाकण्याऐवजी त्यावर 'वाट भरली' अशी खूण करायची पद्धत २००१ पासून मानकात आहे. रांगेची लांबी न पाहता रांगेतला वेळ पाहणारी 'कोडेल' ही पद्धत कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी २०१२ मध्ये मांडली. प्रत्येक प्रवाहाला वेगळी रांग देणारं तिचं रूप २०१८ मध्ये इंटरनेटच्या अधिकृत दस्तऐवजांत आलं. अशा पद्धतीने एका घरातला व्हिडिओ शेजारच्या रेशन दुकानातल्या अंगठ्याच्या पडताळणीची वाट अडवू शकत नाही. अशा सोयी यंत्रात असल्या तरी त्या सुरू करायच्या की नाही हे चालकाच्या मर्जीवर आहे आणि ग्राहकाला ते विचारण्याची सोय नाही.

कोंडीची जागा बदलण्याचं कारणही समजून घ्यायला हवं. लोकप्रिय व्हिडिओ आता परदेशातून येत नाहीत. मोठ्या कंपन्यांनी आपले साठे मोठ्या शहरांत, सेवापुरवठादारांच्या दारात आणून ठेवले आहेत. त्यामुळे देशोदेशींमधल्या वाटांवरचा ताण हलका झाला आणि शेवटच्या टप्प्यावरचा वाढला. भारतात मोबाइलवर दर ग्राहकामागे महिन्याचा डेटा २०१४ मध्ये सुमारे ६२ एमबी होता. २०२४ मध्ये तो २० जीबींवर गेला. मुंबईतून बीडपर्यंत येणारी जाड वाट हे सोसू शकते. शिरूर कासारच्या एखाद्या गावाबाहेरचा टॉवर, आणि त्याला मागून पुरवठा करणारा मायक्रोवेव्हचा दुवा, ते कसं सोसणार? कोंडी असते हे कंपन्यांनाही ठाऊक आहे. २४ मार्च २०२० रोजी, टाळेबंदीच्या तोंडावर, देशातल्या व्हिडिओ कंपन्यांनी मोबाइलवरच्या चित्राचा दर्जा ४८०पी पर्यंत उतरवायचं एकत्र बसून ठरवलं होतं.

३. व्हिडिओ चालतो, अंगठा लागत नाही

माझ्या मते सगळ्या प्रश्नाचं मर्म इथे आहे. 'नेट तर चालतंय, पोरं रील बघतायत, मग पॉस मशीनलाच काय होतं?' हा प्रश्न जिल्ह्यात कुठल्याही रेशन दुकानापुढे ऐकू येतो. विचारणारा त्यातून दुकानदाराच्या प्रामाणिकपणावर शंका घेत असतो. ती शंका काही वेळा रास्त असेलही, पण यंत्राच्या बाजूने या प्रश्नाला सरळ उत्तर आहे.

व्हिडिओ हा लांब प्रवाह असतो. त्यात एखादं पॅकेट गळालं तर मागून येणाऱ्या पॅकेटांवरून ते लगेच कळतं आणि साधारण एका फेरीच्या वेळेत पुन्हा मागवलं जातं. शिवाय पुढच्या अर्ध्या मिनिटाचं चित्र आधीच साठवलेलं असतं, आणि अगदीच जमेना तर चित्राचा दर्जा उतरतो. पाहणाऱ्याला कळतही नाही. अंगठ्याचा व्यवहार याच्या नेमका उलट. त्यात मोजकी पॅकेटं, ती वाट पाहत थांबलेली, आणि साठा करून ठेवण्यासारखं काही नाही. जोडणी मागणारं पहिलंच पॅकेट गळालं तर मागून येणारं दुसरं कुणी नसतं. यंत्र निव्वळ घड्याळ बघत बसतं. २०११च्या नियमानुसार ही पहिली वाट पाहणी एक सेकंदाची, मग दोनची, मग चारची. सलग तीनदा गळालं तर सात सेकंद काहीही न घडता जातात, आणि असे अनेक टप्पे एका व्यवहारात असतात.

गणित मांडून पाहू. एका व्यवहारात तीस पॅकेटांची देवघेव होते असं समजू. गळती अर्धा टक्का असेल तर शंभरातले ८६ व्यवहार एकही पॅकेट न गमावता पार पडतात. गळती दोन टक्के झाली की असे व्यवहार ५५ उरतात. बारा टक्के झाली की दोन. खरी गळती सलग, झुंडीने होते, त्यामुळे नेमके आकडे हलतील. तरी छोट्या व्यवहाराला गळती किती लागते याचा अंदाज यावरून येतो. त्याच बारा टक्के गळतीत साठवणीतला व्हिडिओ दर्जा उतरवून रखडत का होईना चालत राहू शकतो.

अंतराचाही भाग आहे. रील बहुतेकदा मुंबई-पुण्याजवळच्या साठ्यातून येतं. अंगठ्याची पडताळणी आधारच्या केंद्रांत होते आणि ती बेंगळुरूला व हरियाणातल्या मानेसरला आहेत. करमणुकीची वाट आखूड आणि हक्काच्या धान्याची वाट लांब, अशी आपली रचना आहे. कुणी ती मुद्दाम केली असं मी म्हणत नाही. बाजाराने आपला माल ग्राहकाच्या दाराशी आणला. शासनाने तसं केलं नाही, एवढंच.

त्यावर माणसाची स्वाभाविक प्रतिक्रिया भर घालते. काम झालं नाही की पुन्हा दाबायचं. पीक विम्याच्या शेवटच्या दिवसांत हजारो केंद्रांवर हेच चालतं. अर्धवट राहिलेला प्रत्येक अर्ज पुन्हा पहिल्यापासून भरला जातो, तेच सातबारे आणि तीच पासबुकं पुन्हा चढवली जातात, आणि वाट नकलांनी भरते. १९८६ मध्ये यंत्रं करत होती ते आता माणसं करतात. उपायही त्याच जातीचा हवा: अर्ज जिथे तुटला तिथून पुढे सुरू व्हावा, फोटो फोनवर साठून रात्री आपोआप जावा, मुदतीचा दिवस तालुक्यागणिक वेगळा असावा. यासाठी टॉवर लागत नाही.

४. उताराची वाट आणि चढाची वाट

कंपन्या जो वेग जाहिरातीत सांगतात तो खाली येणारा असतो. जानेवारी २०२३ मध्ये केंद्राने ब्रॉडबँडची व्याख्या ५१२ केबीपीएसवरून दोन एमबीपीएसवर नेली, तीही खाली येणाऱ्या वेगाचीच.

शासन मात्र ग्रामीण माणसाकडून जवळजवळ सगळं वर मागतं. ई-पीक पाहणीत बांधावर उभं राहून पिकाचा फोटो. रोजगार हमीच्या कामावर १ जानेवारी २०२३ पासून दिवसातून दोनदा हजेरीचा फोटो, ठिकाणासकट. पीक विम्याला कागदपत्रं, लाडक्या बहिणीला ई-केवायसी, शिष्यवृत्तीला दाखले. आणि चढाची ही वाट मुळातच कमकुवत आहे. ४जी फोन जास्तीत जास्त ०.२ वॅट शक्तीने बोलतो, टॉवर दहा-वीस वॅट आणि त्याहूनही अधिक शक्तीने. म्हणून फोनवर रेघा भरलेल्या दिसतात, टॉवरचं फोनला ऐकू येतं आणि फोनचं टॉवरला नीट ऐकू जात नाही. बालाघाटच्या रांगांमध्ये, दरीतल्या वस्तीवर, हे सर्रास होतं. ५जीमध्येही वेळेचे बहुतेक तुकडे खाली येणाऱ्या वाहतुकीलाच दिलेले असतात.

रोजगार हमीवरच्या बाईची हजेरी लागली नाही तर तिचा दिवस बुडतो. तिचा फोटो कोणत्या टप्प्यावर अडला, हे सांगणारी एकही नोंद कुठे होत नाही.

५. सरासरीने काय झाकतं

दूरसंचार नियामक प्राधिकरणाने ऑगस्ट २०२४ मध्ये सेवेच्या दर्जाचे नवे विनियम आणले; ते ऑक्टोबरपासून लागू झाले. त्यांत विलंब आणि पॅकेट गळती हे निकष आहेत आणि तिमाहीऐवजी महिन्याचा हिशेब आला, ही चांगली गोष्ट. सेवा ठप्प होण्याबाबत तर ते विनियम जिल्ह्यापर्यंत उतरतात: जिल्ह्यात २४ तासांहून जास्त सेवा बंद राहिली तर ग्राहकाला भरपाई. पण ठप्प होणं आणि कोंडणं यांत फरक आहे. ठप्प झालेल्या सेवेला जिल्हा आहे, कोंडलेल्या सेवेला नाही. तिचा हिशेब आजवर प्रामुख्याने परवाना क्षेत्राचा, म्हणजे सर्कलचा, होत आला. महाराष्ट्र सर्कलमध्ये मुंबई नाही, पण पुणे, नाशिक, नागपूर आणि अख्खा गोवा आहे. पुण्याच्या फायबरवाल्या टॉवरमध्ये पाटोद्याचा टॉवर मिसळला की पाटोदा दिसेनासा होतो.

वेळेच्या सरासरीचंही तसंच. एखाद्या टॉवरवर दिवसाचे तेवीस तास गळती शून्य आणि एक तास बारा टक्के असली, तर तासांची सरासरी अर्धा टक्का भरते. कागदावर हा टॉवर उत्तम. वर पाहिलेलं गणित त्याला लावा: सरासरीनुसार शंभरातले ८६ व्यवहार निर्विघ्न, आणि माणसं ज्या तासाला दुकानात असतात त्या तासाला दोन.

बीडला आणखी एक गोष्ट लागू होते. इथली लोकसंख्या वर्षभर एका जागी नसते. २०११च्या जनगणनेत जिल्ह्याची २५,८५,०४९ माणसं मोजली गेली, पण दिवाळीनंतर त्यांतली लाखो माणसं ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. कारखान्याच्या पट्ट्यात, कोप्यांच्या तळावर, एकाच टॉवरच्या पदरात एकाएकी मोठी वस्ती उभी राहते. संध्याकाळी फडावरून परतल्यावर सगळे एकाच वेळी घरी फोन लावतात. मागे राहिलेल्या म्हाताऱ्यांना आणि लेकरांना आईबापाचा चेहरा दिसण्याची तेवढीच वेळ. सर्कलच्या सरासरीत या चार-पाच महिन्यांना आणि त्या एका तासाला जागाच नाही.

एक तुलना इथे करायला हवी. ऑक्टोबर २०२३च्या अखेरीस मराठा आरक्षणाच्या आंदोलनात जाळपोळ झाली तेव्हा बीडमध्ये इंटरनेट बंद करण्यात आलं. ते योग्य की अयोग्य हा वेगळा वाद. पण त्या बंदीला आदेश होता, तारीख होती. असे आदेश प्रसिद्ध केलेच पाहिजेत, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये अनुराधा भसीन खटल्यात बजावलं आहे. म्हणून त्यावर भांडता येतं. संध्याकाळी सहा ते नऊ रोज होणाऱ्या कोंडीला आदेश नाही, तारीख नाही, सही नाही. म्हणून तिच्याविरुद्ध कुठे जायचं हेही ठरत नाही.

६. तीन आक्षेप

पहिला आक्षेप क्षमतेचा: भारतनेट गावोगाव येतंय, ५जी पसरतंय, थोडा धीर धरा. क्षमता हवीच, आणि भारतनेटच्या ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झालेल्या सुधारित कार्यक्रमात एक खरोखर महत्त्वाची दुरुस्ती आहे. तालुक्यापासून ग्रामपंचायतीपर्यंत जाणारी एकेरी तार आता वर्तुळाकार करायची आहे. एका जागी तुटली तर दुसऱ्या बाजूने वाहतूक वळेल. ही दुरुस्ती का लागली ते पाहा. खोदकामात देशभर वर्षाला सुमारे दहा लाख वेळा फायबर तुटतं, असा सरकारचाच अंदाज आहे. म्हणून मार्च २०२३ मध्ये खोदण्याआधी कळवण्याचं ॲपही काढावं लागलं. रस्त्याच्या कामावर जेसीबीने केबल तोडली की वाहतूक एखाद्या अरुंद वाटेने वळते. तेव्हा 'सेवा बंद' अशी नोंद होत नाही, सगळ्या जिल्ह्याची गळती वाढते. बीड शहराला रेल्वे मिळाली ती १७ सप्टेंबर २०२५ रोजी. रुळांलगत फायबर नेणारा रेलटेलसारखा पर्याय तोवर शहरापर्यंत आणायला रूळच नव्हते. दुसरी वाट मिळण्याची शक्यता आता कुठे उघडली आहे. पण ती मिळाली तरी मोजणीवाचून कसं कळणार की वर्तुळ खरंच जोडलं गेलं, की नकाशावरच राहिलं? शिवाय ६२ एमबींवरून २० जीबींवर गेलेली मागणी सांगते की क्षमता वाढली की वापर वाढतो आणि अडचण पुढच्या अरुंद जागी सरकते.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: दोष जाळ्याचा नाही, शासकीय सर्व्हरचा आहे. पुष्कळदा ते खरंच असतं. पण आज कोण कशाच्या आधारावर हे सांगतं? कंपनी सर्व्हरकडे बोट दाखवते, विभाग रेंजकडे, आणि केंद्रचालक दोन्हींकडे. त्याच क्षणी त्याच टॉवरवरून तिसऱ्या ठिकाणी हाक मारून पाहिली तर दोष कुठे आहे ते मिनिटाभरात वेगळं होतं. हा आक्षेप मोजणीच्या विरोधात जात नाही, मोजणीची गरजच सिद्ध करतो.

तिसरा आक्षेप: विरळ वस्तीत खर्च परवडत नाही. परवडत नाही म्हणूनच २००२ मध्ये सार्वत्रिक सेवा निधी उभा राहिला, जो आता डिजिटल भारत निधी या नावाने चालतो. दूरसंचार कंपन्यांच्या समायोजित महसुलाचा पाच टक्के हिस्सा त्यात जातो, म्हणजे पाटोद्यातल्या रिचार्जमधूनही जातो. त्या पैशातून गाव 'जोडलं' असं लिहिताना जोडणीचा दर्जा संध्याकाळी सात वाजता काय असतो, हे विचारायचा हक्क पाटोद्याला आहे.

पॅकेट गळती सामान्यांना कळणार नाही, असंही म्हटलं जातं. पैसेवारी, पीक कापणी प्रयोग, उंबरठा उत्पन्न या कल्पना बीडच्या शेतकऱ्याने पचवल्या आहेत, त्यांवर तो तहसीलदाराशी वाद घालतो. शंभर हाकांतल्या किती वाया गेल्या, हा आकडा त्याला जड जाईल असं मानणं त्याच्यावर अन्याय आहे.

७. महसूल मंडळ हे माप

उदाहरण घरातलंच आहे. तालुक्याच्या ठिकाणी पाऊस पडला आणि डोंगराकडच्या मंडळात थेंब नाही, तर तालुक्याच्या सरासरीने त्या मंडळाचा विमा बुडायचा. या अन्यायावर वर्षानुवर्षं भांडण झालं. शेवटी राज्याने 'महावेध' प्रकल्पातून महसूल मंडळनिहाय दोन हजारांहून अधिक स्वयंचलित हवामान केंद्रं उभारली. त्यांच्या जागांबद्दल आणि नोंदींबद्दल तक्रारी आहेत, असायला हव्यात; पण आता तक्रार आकड्याबद्दल करता येते.

जाळ्यासाठी हेच करावं. त्याला मोठं यंत्रही लागत नाही. युरोपातली राइप ही संस्था २०१० पासून तळहाताएवढी मोजणीयंत्रं स्वयंसेवकांकडे बसवते आहे आणि जगभरात अशी हजारो यंत्रं दिवसरात्र हाका मारतात. बीडच्या प्रत्येक मंडळात, तलाठी किंवा ग्रामपंचायत कार्यालयात, प्रत्येक कंपनीचं एक सिम घातलेलं असं यंत्र बसवता येईल. ते दर काही मिनिटांनी तीन ठिकाणी हाक मारेल: कंपनीच्या स्वतःच्या केंद्राला, मुंबईतल्या एखाद्या तटस्थ यंत्राला, आणि ज्या शासकीय सेवेवर माणसांचं काम अडतं तिला. नोंद तीनच गोष्टींची ठेवावी: गळती, विलंब, आणि वर जाणारी एक छोटी फाइल पोहोचायला लागलेला वेळ. आकडे सरासरीत न मिसळता तासानुसार प्रसिद्ध व्हावेत आणि दिवसातला सर्वांत वाईट तास वेगळा दाखवावा. जिल्हा नियोजन समितीच्या निधीत हा खर्च डोळ्यांत भरणारा ठरू नये.

आणि आकड्याला परिणाम जोडलेला असावा, नाहीतर तो फक्त भिंतीवर लागेल. मंडळातली गळती ठरलेल्या मर्यादेपलीकडे सलग राहिली तर त्या मंडळापुरती पीक विम्याची मुदत आपोआप वाढावी. त्या तासांत अपलोड न झालेली रोजगार हमीची हजेरी कागदावरच्या मस्टरने ग्राह्य धरावी. अंगठा न लागलेल्या कार्डाला धान्य नाकारता येऊ नये आणि त्या नकाराची नोंद यंत्राच्या नोंदीशी ताडून पाहावी. सेवा बंद पडल्यावर भरपाई देण्याचं तत्त्व नियामकाने जिल्ह्यासाठी मान्य केलेलंच आहे. ते कोंडीला आणि मंडळाला लावायचं, एवढीच ही मागणी. खरिपाच्या पुढच्या विमा मुदतीआधी आष्टी, पाटोदा आणि शिरूर कासार या तीन तालुक्यांत सुरुवात करता येईल.